मालिका-कादंबऱ्यांचे लेखक पुढच्या भागांत आटोपशीर लिहायला शिकू शकतात का?

हो, नक्की शिकू शकतात. हॅरी पॉटरचंच बघा. ब्रिटिश आवृत्तीत पहिला भाग (१९९७) २२३ पानांचा होता आणि पाचवा (२००३) फुगून थेट ७६६ पानांवर गेला. तो आणखी छोटा होऊ शकला असता, हे रोलिंगबाईंनी नंतर स्वतःच मान्य केलं. सहावा भाग (२००५) ६०७ पानांत बसला. माझ्या मते तो पाचव्यापेक्षा कितीतरी घट्ट विणलेला आहे.

भाग फुगतात कारण पात्रं वाढत जातात आणि लेखकाचा जीव प्रत्येकात अडकलेला असतो. शिवाय नाव झालं की कात्री लावायला संपादकही कचरतो.

सर्वांत जास्त पानं खाते ती मागच्या भागांची उजळणी. माझ्या एका मित्राने चौथ्या भागाच्या खर्ड्यात लिहिलं होतं, "तीन वर्षांपूर्वी पुरात वडील वाहून गेल्यापासून सदा नदीकडे जात नसे." पुढे त्या पुराची दोन पानं. आम्ही ती सगळी काढली आणि एवढंच ठेवलं: "सदा पुलावरून न जाता लांबच्या रस्त्याने आला." जुन्या वाचकाला लगेच कळतं. नवा वाचक 'का बरं?' म्हणत पुढे वाचतो.

तुम्ही स्वतः लिहीत असाल तर आधीचे भाग न वाचलेल्या माणसाला खर्डा द्या आणि कंटाळा आला तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. काटछाट तिथूनच सुरू करा.