टल्सा १९२१: दंगल की हत्याकांड?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या टल्सा शहरात १९२१ साली काय झाले, यावरच्या एका इतिहासग्रंथाचा मराठी अनुवाद येतो आहे. त्याच्या मलपृष्ठाचा आणि जाहिरातीचा मजकूर लिहायचा आहे. जुन्या कागदपत्रांत जिथे तिथे ‘रेस रायट’ असेच आहे. मग मराठीत ‘वांशिक दंगल’ म्हणावे की ‘हत्याकांड’? आणि ‘दंगल’ काढली तर इतिहासाचे शब्द आपण बदलले असे होईल का?

‘हत्याकांड’ लिहा, अगदी निःशंकपणे लिहा. कारण समजायला आधी घटना बघू. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीला आलेली वस्ती होती. दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे, डॉक्टर-वकिलांची कार्यालये, सगळे तिथे होते. डिक रोलंड या बूटपॉलिश करणाऱ्या १९ वर्षांच्या मुलावर, लिफ्ट चालवणाऱ्या एका गोऱ्या मुलीवर हात टाकल्याचा आरोप झाला (खटला पुढे बारगळला). ३१ मे रोजी ‘टल्सा ट्रिब्यून’ने ती बातमी भडकपणे छापली आणि संध्याकाळी न्यायालयाच्या इमारतीपुढे गोऱ्यांचा जमाव गोळा झाला. रोलंडला बाहेर ओढून ठार मारतील या भीतीने ग्रीनवूडचे लोक, त्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक, बंदुका घेऊन त्याच्या रक्षणाला आले. झटापटीत गोळी सुटली. पोलिसांनी जमावातल्याच गोऱ्या पुरुषांना तात्पुरते शिपाई नेमले. दुसऱ्या दिवशी पहाटे हजारो सशस्त्र लोक ग्रीनवूडमध्ये शिरले, घरे लुटली आणि पेटवून दिली. ३५ ब्लॉकांची (चार रस्त्यांमधल्या चौकटींची) वस्ती गेली, १,२०० हून अधिक घरे जाळली गेली.

मराठीत ‘दंगल’ म्हटले की डोळ्यांपुढे दोन जमाव येतात. दोन्हीकडून दगड येतात, दोन्हीकडची माथी फुटतात आणि मध्ये पोलीस उभे असतात. शिकागोत १९१९ च्या जुलैत जे झाले त्याला हा शब्द बराचसा लागू पडतो. तिथे ३८ माणसे गेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी, आणि रस्त्यारस्त्यांवर अनेक दिवस मारामाऱ्या चालल्या. टल्सात १ जूनच्या सकाळी एक वस्ती दुसरीवर चालून गेली आणि शासनाने नेमलेली माणसे चाल करणाऱ्यांत होती. नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव दलातल्या सैनिकांनी आणि नव्या शिपायांनी सुमारे ६,००० कृष्णवर्णीयांना धरून सभागृहात, मैदानांवर डांबले. सुटका व्हायला कुणा गोऱ्या मालकाने हमी द्यावी लागे. ज्यांची घरे जळत होती तेच कैदेत होते. ‘दंगल’ या शब्दात हे मावत नाही.

आता ‘इतिहासाचे शब्द’ या शंकेकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. ‘रायट’ हा शब्द त्या काळी फुकटचा नव्हता. विम्याच्या करारांत एक कलम असे: दंगलीत झालेल्या नुकसानीची भरपाई कंपनी देणार नाही. घटनेला ‘दंगल’ म्हटले की दावा संपला. ग्रीनवूडमधल्या मालमत्तेचे एक गोरे मालक, विल्यम रेडफर्न, यांनी विमा कंपनीवर खटला भरला. १९२६ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. गोऱ्या मालकाची ही गत, तर बाकीच्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. असा शब्द ‘मूळ कागदात आहे’ म्हणून जसाच्या तसा पुढे चालवणे म्हणजे एका पक्षाचा युक्तिवाद पुढे चालवणे होय.

शिवाय हत्याकांड हा अर्थ आजच्या लोकांनी मागाहून चिकटवलेला नाही. १९१७ साली ईस्ट सेंट लुइस शहरात अशीच वस्ती जाळली गेली, तेव्हा कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि मार्था ग्रूनिंग यांनी ‘द क्रायसिस’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी चालणाऱ्या मासिकात जो वृत्तान्त दिला त्याच्या शीर्षकातच ‘मॅसकर’, म्हणजे हत्याकांड, हा शब्द होता. दोन्ही शब्द तेव्हाही उपलब्ध होते. कुठला छापायचा हे छापखाना कुणाचा यावर ठरत होते. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी १९५० च्या सुमारास सरकारी फलक उभारला गेला. ‘कोलफॅक्स रायट’मध्ये तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले, असे त्यावर कोरले होते. तीनास दीडशे, आणि तरी दंगल! तो फलक २०२१ साली हटवला. कोलफॅक्सची ही घटना एप्रिल १८७३ ची. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना आदराने अर्पण केली, हे वाचताना माझ्या मनातून जात नाही.

मात्र हेही खरे की टल्सातून वाचलेल्यांनी सरसकट ‘हत्याकांड’ म्हटले असे नाही. मेरी जोन्स पॅरिश या शिक्षिका-पत्रकार मुलीला घेऊन त्या गोळीबारातून निसटल्या. त्यांनी लगेच साक्षी गोळा करून पुस्तक केले, त्याच्या नावात ‘डिझॅस्टर’, म्हणजे आपत्ती, असा शब्द आहे. ओक्लाहोमा राज्याने नेमलेल्या आयोगाचा २००१ चा अहवालही ‘रायट’ याच नावाने निघाला. शताब्दीसाठी नेमलेल्या आयोगाने २०१८ मध्ये आपल्या नावातला तो शब्द बदलला. म्हणून पुस्तकात जुने दस्तऐवज उद्धृत होतील तिथे ‘दंगल’ अवतरणचिन्हांत राहू द्या. निवेदकाच्या तोंडी मात्र नको.

नामापेक्षा मला जास्त काळजी क्रियापदांची वाटते. मराठीत जळणे-जाळणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आहेत आणि एका मात्रेने कर्ता गायब होतो. ‘दंगल उसळली, घरे जळाली, शेकडो मृत्युमुखी पडले’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत इतके वाचतो की त्यात कुणी काही केलेच नाही, हे ध्यानात येत नाही. वर ‘हत्याकांड’ लिहून खाली ‘घरे भस्मसात झाली’ लिहिले तर वरचा शब्द वाया गेला. ‘जाळली’ लिहा, ‘लुटली’ लिहा, आणि शक्य तिथे कुणी ते लिहा. जाळपोळीपुरता ‘जळीतकांड’ हा आपल्याकडे रुळलेला चांगला शब्द आहे. ‘शिरकाण’ नको, त्याला रणांगणाचा वास आहे. ‘वंशसंहार’ही नको, ती वेगळी कायदेशीर संज्ञा आहे.

‘वांशिक’ हे विशेषण मी टाळीन. वांशिक संघर्ष म्हटले की पुन्हा दोन समान पारडी येतात. ‘वर्णद्वेषी हिंसा’ म्हटले की हेतू कळतो.

‘हत्याकांड’ शब्दाचाही एक तोटा आहे, तो जाहिरातीत भरून काढायला हवा. त्याने ग्रीनवूडचे लोक निमूट मेले असे चित्र उभे राहते. ते लढले. २००१ च्या अहवालात नावानिशी पटलेल्या ३९ मृतांपैकी १३ गोरे होते. एकूण मृतांचा आकडा पक्का नाही. अभ्यासकांचे अंदाज ७५ पासून ३०० पर्यंत जातात, तेव्हा मलपृष्ठावर नुसते ‘३०० बळी’ छापू नका. ‘विस्मृतीत गेलेला इतिहास’ हेही नको. तिथल्या घराघरांत तो आठवणीत होता. ‘ट्रिब्यून’चे जुने अंक मायक्रोफिल्मवर घेतले तेव्हा ३१ मेची ती बातमी पानातून फाडून काढलेली होती. याला ‘दडपलेला’ म्हणतात. ‘थरारक’, ‘अंगावर काटा आणणारा’ हे शब्द तर रहस्यकथांसाठी राहू देत.

मी मजकूर असा लिहीन: ‘१९२१ च्या १ जूनला टल्सातल्या गोऱ्या जमावाने, पोलिसांनी नेमलेल्या माणसांसह, ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची वस्ती लुटली आणि जाळली. रहिवाशांनी प्रतिकार केला, मग तंबूंत राहून घरे पुन्हा बांधली. सरकारदरबारी याला दंगल म्हटले गेले. या हत्याकांडाचा, आणि ते दडपणाऱ्या कागदांचा, हा इतिहास.’ जागा कमी असेल तर तिसरे वाक्य गाळा. पहिल्याला हात लावू नका.