आधी भूल, मग दुखणं

पत्र : माझी लेक इथेच एमजीएम मेडिकल कॉलेजमध्ये एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी सासूबाईंना नागीण झाली. फोड वाळले, पण ठणका काही जाईना. शेवटी एका पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे फक्त दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, आराम पडला आणि तेव्हापासून लेकीने 'मला हेच करायचंय' असा धोशा लावलाय. तिचे बाबा म्हणतात, रेडिओलॉजी घ्यायची सोडून हे कसलं खूळ? ही खरंच डॉक्टरकीची शाखा आहे का? – एक आई, सुदामा नगर, इंदूर

ताई,

शाखा खरी आहे. पण ती आज निवडायचीच नसते, त्यामुळे घरातलं निम्मं भांडण तरी इथेच मिटायला हरकत नाही. दुखण्याचा डॉक्टर होण्याची आपल्याकडची नेहमीची वाट भूलशास्त्रातून जाते. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा, तीन वर्षांची एमडी आणि त्यावर साधारण वर्षभराची पेन फेलोशिप, म्हणजे दुखण्याच्या उपचारांचं खास प्रशिक्षण. अस्थिरोग, न्यूरॉलॉजी किंवा पीएमआर (शारीरिक पुनर्वसनाची शाखा) करूनही काही जण इकडे वळतात. या विषयातल्या डीएमच्या, म्हणजे एमडीनंतरच्या पदवीच्या, जागा देशभरात मोजक्याच, त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. थोडक्यात, तिशी गाठेपर्यंत ही शिकतच असणार.

म्हणून लेकीला आत्ता विचारायचा प्रश्न वेगळा आहे : भूलशास्त्र आवडेल का? पेन हा त्यावरचा मजला. तो चढवला नाही तरी भूलतज्ज्ञाचं काम अडत नाही. रात्री-अपरात्री सिझेरियनला बोलावणारे फोन येतच राहतात. ही वाट पाडलीही भूलतज्ज्ञांनीच. अमेरिकेतले जॉन बोनिका हे भूलतज्ज्ञ. शिक्षणाच्या खर्चासाठी ते कुस्त्या खेळत. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचं न संपणारं दुखणं त्यांनी पाहिलं आणि पुढे 1973 मध्ये त्यांच्या पुढाकाराने वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्याकडची संघटना 1984 ची.

आता सासूबाईंचंच घ्या. नागीण बरी झाली तरी तिने नस दुखावलेली असते, आणि ती नस कारण नसताना ठणका पाठवत राहते. तीन महिन्यांपलीकडे टिकणाऱ्या दुखण्याला आता आजार म्हणूनच स्वतंत्र नोंद मिळते. त्यावर नसांची औषधं, कमी मात्रेतली नैराश्यावरची गोळी, कधी नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) असे उपाय असतात. लेकीने आजीला आराम पडताना पाहिलं. जिला आराम पडत नाही अशी बाई तिने अजून पाहिलेली नाही. दहा वर्षांची कंबरदुखी, तीन एमआरआयच्या पिशव्या, घरात सून बोलत नाही, आणि 'डॉक्टर, काहीच फरक नाही' हे वाक्य दर महिन्याला. या शाखेत असे रुग्ण रोज येतात. त्यांचं दुखणं शून्यावर येत नाही. ती बाई पुन्हा जिना चढू लागली, रात्री झोपू लागली, हेच यश. ज्याला सुई मारली की काम झालं असं हवं असतं, तो इथे वर्षभरात कंटाळतो.

सुया आहेतच म्हणा. सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली किंवा सोनोग्राफीवर बघत मणक्याजवळ इंजेक्शन, चेहऱ्याच्या नसेला रेडिओफ्रीक्वेन्सीचा शेक, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटामागच्या नसांचा ब्लॉक. आणि हे करताना एक्स-रेपासून बचावासाठी अंगावर शिशाचा जड एप्रन, त्यामुळे दुखण्याच्या डॉक्टरचीच पाठ धरते!

कॅन्सरच्या रुग्णांसाठी मॉर्फिनही तिला शिकावं लागेल. गंमत बघा, अफू आपल्या माळव्यात पिकते, नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून मॉर्फिन काढतात, आणि तरी कितीतरी डॉक्टर ते लिहायला बिचकतात. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थांना परवाने सोपे झाले. बिचकणं मात्र गेलं नाही. या कामाकडे ओढा असेल तर एमडी पॅलिएटिव्ह मेडिसिन (गंभीर आजारात त्रास हलका करणारी शाखा) ही वेगळी पदवीच आहे.

पैशाचं म्हणाल तर सुरुवात सावकाश होते. रुग्ण आधी हाडवैद्याकडे, मग ऑर्थोपेडिककडे, शेवटी इथे. दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवायला लागेपर्यंत बहुतेक जण सकाळी भूल देतात आणि संध्याकाळी पेन ओपीडी चालवतात. स्वतःचं सी-आर्म घ्यायचं तर खर्च मोठा, शिवाय एक्स-रे यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या एईआरबी या सरकारी मंडळाची परवानगी. घाई नको.

रेडिओलॉजीसाठी नीट-पीजीत रँक फार वरची लागते, भूलशास्त्र त्यामानाने हाती येतं. बाबांना हे सांगा, पण लेकीसमोर 'दुय्यम' हा शब्द नको.

फेलोशिपच्या नावाखाली दोन-चार दिवसांचे कोर्स विकणारेही आहेत; त्यातून प्रमाणपत्र मिळतं, हात बसत नाही. वेळ येईल तेव्हा तिने आधी शिकून गेलेल्यांना गाठावं. स्वतःच्या हाताने किती प्रोसिजर केल्या आणि तिथे फिजिओथेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ बसतात का, एवढं विचारलं तरी पुरे.

इंटर्नशिपमध्ये भूलशास्त्राचे दोन आठवडे असतात. तेवढे दिवस तिने ऑपरेशन थिएटरबाहेर चहा पीत घालवू नयेत. आणि आजीला नेलंत त्याच क्लिनिकच्या डॉक्टरांना विचारून तिला चार संध्याकाळी कोपऱ्यात बसू द्या. पाचव्या संध्याकाळी ती स्वतःहून निघाली तर मला पुन्हा लिहा, मग नीट-पीजीचं बोलू.