दुसरं दुकान काढण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांचं चपलांचं दुकान पुढे न्यायचं, दुसरं दुकान काढायचं, स्वतःचा ब्रँड काढायचा आणि त्यासाठी आधी कारखाना टाकायचा, असं तुझ्या मनात आहे. कारखान्याचं तेवढं थांबव.

मुंबईच्या मेट्रो या चपला-बुटांच्या दुकानांच्या कंपनीकडे बघ. १९५५ साली मलिक तेजानींनी कुलाब्यात दुकान थाटलं. पुढे मुलगा रफीक मलिक आणि मग नात फराह यांनी धंदा वाढवला. आज देशभर शेकडो दुकानं आहेत, पण कारखाना त्यांनी घातला नाही. माल बाहेरून बनवून घेतात, त्यामुळे फॅशन फिरली की ऑर्डरही फिरवता येते. दुकानातल्या माणसांची कमाई विक्रीशी बांधलेली असते, म्हणून काय चालतंय हे त्यांना कुणी विचारायच्या आधीच ठाऊक असतं. २०२१ साली घरातली माणसं असतानाही त्यांनी बाहेरचा सीईओ नेमला आणि त्याच डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात आणली. कुटुंबाच्या धंद्यात मला हे सगळ्यात अवघड वाटतं.

अर्थात तेही चुकतात, बाजार कुणालाच सोडत नाही. २०२२ मध्ये फिला या खेळाच्या बुटांच्या परदेशी ब्रँडचा इथला व्यवसाय घेतल्यावर त्यांना जुना साठा सवलतीत काढावा लागला.

सरकारी नियम तुझ्या हातात नाहीत, पण ते वेळेवर वाचणं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग जोडावर १८. म्हणजे २,५०० चा जोड करासकट २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या मोहापायी गिऱ्हाइकाच्या खिशातून ४४३ जादा जातात! किंमत ठरवताना हा हिशेब समोर ठेव. बीआयएस, म्हणजे मालाच्या दर्जाच्या सरकारी प्रमाणपत्राचंही तसंच, माल देणाऱ्याकडे ते आहे का हे ऑर्डरआधी विचार.

आता माझी गोष्ट. एका दिवाळीला मी उंच टाचेच्या सँडलचा मोठा लॉट उचलला. आमच्याकडे वीस वर्षं गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून जोड घालून दाखवणारे एक मामा होते. ते म्हणाले, "शेठ, बायका घालून बघतात, दोन पावलं चालतात आणि काढून ठेवतात." मी ऐकलं नाही. ३७ आणि ३८ नंबर तेवढे गेले. ३५ आणि ४१ चे खोके पुढच्या पावसाळ्यापर्यंत माळ्यावर पडून होते, उघडले तेव्हा सोल सुटायला लागले होते. पैसे गेले त्याचं दुःख विसरलो. त्यानंतर मामांनी मला आपणहून काही सांगणं सोडलं, ते आजही लागतं.

तुमच्या दुकानातही असं कुणीतरी असेलच. नव्या मालाची यादी करशील तेव्हा त्यांना शेजारी बसव, कुठला नंबर आधी संपतो आणि कुठला जोड घालून परत ठेवला जातो, हे त्यांच्याकडून लिहून घे. बाबांनाही बसव, पण शेवटचा शब्द कुणाचा हे आधी घरात ठरवा. ते गिऱ्हाइकासमोर ठरवायची वेळ आणू नका.

यादी झाली की मला पाठव. मी नंबरांवर खुणा करून देईन.

तुझा,
काका