वहीतला शेवटचा रकाना

(पत्र थोडक्यात)

ताई,

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला दोनदा फिट आली. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढून गोळ्या सुरू केल्या. मग आम्ही चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या, सभेला गेलो. पाळकांनी तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तेल लावलं आणि म्हणाले, हा आजार नाही, दुष्टात्मा आहे. पुढे महिनाभर काही झालं नाही. आम्ही सभेत उभं राहून साक्ष दिली आणि विश्वासाचं पाऊल म्हणून त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. आता फिट पुन्हा येतात, आधीपेक्षा जास्त. पाळक म्हणतात, गेलेला आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो, कुठलं तरी पाप त्याला दार उघडून देतंय. म्हणून दर शुक्रवारी आमच्याकडे रात्रभर प्रार्थना असते. आत्मा चिडतो. शनिवारी सकाळी तिचे हात झटकतात, ब्रश उडून पडतो, कधी मोठी फिटही येते. तिला जे पाप आठवेल ते ती वहीत लिहिते. पाळकांनीच तसं सांगितलंय. एका पानाचा फोटो जोडलाय.

माझा प्रश्न बहिणीचा आहे. ती नर्स आहे. तू आई म्हणवून घ्यायच्या लायकीची नाहीस असं ती मला म्हणाली. दोन महिने आमचं बोलणं बंद आहे. घरात फूट असली की प्रार्थनेला बळ राहत नाही. तिला कसं समजावू? आणि माझाच विश्वास कमी पडतोय का?

– एक आई

*

तुमच्या मूळ पत्रात बहिणीवर दीड पान आहे आणि वहीवर दोन ओळी. मी त्या दोन ओळींबद्दलच लिहिणार आहे.

फोटो मोठा करून पाहिला. पट्टीनं आखलेले चार रकाने आहेत. वार, वेळ, काय करत होते, पाप. अक्षर टपोरं. पहिली नोंद अशी: शनिवार, 6.40, ब्रश करत होते, प्रार्थनेत झोप आली. दुसरी: सोमवार, 7.10, केस विंचरत होते, मावशीचा फोन घेतला आणि आईला सांगितलं नाही. तिसरी पुन्हा शनिवारची, 6.30, अंथरुणातच. तिथे पापाच्या रकान्यात आधी ‘आठवत नाही’ असं लिहिलंय. मग त्यावर एक सरळ रेघ, आणि पुढे: मनात राग होता.

सगळ्या पानावर तेवढी एकच खाडाखोड आहे. पोरीला पाप सापडेना, म्हणून तिनं एक शोधून काढलं. तुम्ही ते पान मला तुमचं कुटुंब किती मनापासून प्रयत्न करतंय हे कळावं म्हणून पाठवलंत. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. पाळकांचा तर आलाच, पण आधी तुमचा. पाळक आठवड्यातून एकदा येतात. वही रोज तुमच्या घरात असते.

आता तेच पान पापाचा रकाना झाकून वाचा. खरंच हात ठेवून झाका. सगळ्या नोंदी सकाळच्या, उठल्यानंतरच्या तासाभरातल्या. त्यातल्या बहुतेक शनिवारच्या. शुक्रवारी रात्री तुमच्याकडे काय असतं? तेरा वर्षांच्या मुलीला पहाटेपर्यंत जागं ठेवलं जातं. झोप मोडणं हे फिट येण्याच्या सगळ्यात ओळखीच्या कारणांपैकी एक आहे. इतकं ओळखीचं, की मेंदूचा आलेख काढताना दोष नीट दिसावा म्हणून डॉक्टर कधीकधी रुग्णाला मुद्दाम कमी झोपून यायला सांगतात. तुम्ही ते दर आठवड्याला करताय, तेही गोळ्या बंद असताना. मग शनिवारी सकाळी जे होतं त्याला तुम्ही आत्म्याचा राग म्हणता.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. पण किशोरवयात सुरू होणारा अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचा, एक प्रकार डॉक्टरांच्या चांगला माहितीतला आहे. त्यात सकाळी उठल्यावर हात झटकतात, हातातली वस्तू उडून पडते आणि जागरण झालं की मोठी फिट येते. तुमच्या मुलीला तोच आहे की दुसरा, ते तपासणारे सांगतील. ते कळणं महत्त्वाचं, कारण एका प्रकाराला चालणारी गोळी दुसऱ्या प्रकारात त्रास वाढवू शकते. आणि ते ठरवायला त्यांना नेमकं काय हवं असतं माहीत आहे? वार, वेळ, काय करत होते. तुमच्या मुलीनं ते सगळं लिहून ठेवलंय, कुणी न शिकवता, मिनिटासकट. चार रकान्यांतले तीन बरोबर आहेत. चौथा मोठ्या माणसांनी तिच्यावर लादलाय.

त्या महिनाभराच्या चंगाईचंही बोलू. ‘साक्ष दिली आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या’ हे तुमचंच वाक्य. म्हणजे ज्या महिन्यात फिट आली नाही, त्या महिन्यात ती रोज गोळी घेत होती. श्रेय तेलाला गेलं. गोळ्या थांबल्यावर फिट परत आल्या, तेव्हा दोष पापाला गेला. या हिशेबात पाळक कधीच चुकू शकत नाहीत. फिट आली नाही तर चंगाई झाली, आली तर आत्मा चिडला, आणखी आली तर सात जण आले. दर वेळी चूक निघते ती तेरा वर्षांच्या मुलीची, आणि आता तुमच्या विश्वासाची.

साक्षीच्या वेळी सगळे टाळ्या वाजवतात, पण दुसऱ्या दिवशी घरी जाऊन कुणी विचारत नाही. एका माणसानं विचारलं होतं. विल्यम नोलन हे अमेरिकेतले शल्यविशारद. 1970च्या दशकात कॅथरिन कुलमन या प्रसिद्ध उपदेशिकेच्या सभेत बरे झालो म्हणणाऱ्या तेवीस जणांचा त्यांनी नंतर पाठपुरावा केला. खरोखर बरा झालेला एकही सापडला नाही. त्यांतली एक बाई मणक्यापर्यंत पसरलेल्या कर्करोगाची रुग्ण होती. तिनं पाठीचा आधारपट्टा काढून टाकला आणि सर्वांसमोर स्टेजवर धावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिचा मणका खचला. चार महिन्यांनी ती गेली. ती खोटं बोलत नव्हती. त्या क्षणी तिला खरंच बरं वाटलं असणार. भर सभेत, गाण्यात, शेकडो लोक हात उंचावून उभे असताना वेदना कमी जाणवते, हे कुणीही मान्य करेल. गाठ मात्र तिथेच राहते.

तुम्ही लगेच शास्त्रवचन काढाल हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच काढते. मी दुष्टात्मे मानत नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. तुम्ही मानता, तर तुमच्याच पुस्तकातून, बायबलमधून बोलू. मार्कच्या नवव्या अध्यायात तोंडाला फेस येणारा, दात खाणारा, आगीत आणि पाण्यात पडणारा मुलगा आहे. तिथे आत्मा म्हटलंय, मी नाकारत नाही. त्या काळी लोक फिटकडे तसंच पाहत. अर्थात सगळेच नाही. त्याच्याही चारेकशे वर्षं आधी हिप्पोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात लिहिलंय की या आजारात दैवी असं काही वेगळं नाही, कारण मेंदूत आहे. पण मार्कमधला येशू काय करतो ते वाचा. तो त्या मुलाला एकही पाप विचारत नाही. वडिलांना विचारतो, हे याला किती दिवसांपासून होतंय? आणि शेवटी हात धरून मुलाला उठवतो. बोलणी खातात ते आसपासचे मोठे लोक. मत्तयच्या चौथ्या अध्यायात तर त्याच्याकडे आणलेल्या आजाऱ्यांत भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे मोजलेत. योहानच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात, हा जन्मतः आंधळा, मग पाप याचं की आईबापांचं? उत्तर मिळतं, कुणाचंच नाही. पाळक याकोबाच्या पत्रातलं तेल आणि पापांची कबुली दाखवतील. तिथेही ‘पापं केली असली तर’ असं आहे. त्या ‘तर’चा तुमच्या घरात पत्ता नाही.

आणखी एक सांगते, आणि घाबरवण्यासाठीच सांगते. जर्मनीतल्या आनेलिझ मिशेल या तरुणीला अपस्माराचं निदान झालेलं होतं. घरच्यांची आणि तिची खात्री पटली की तिला सैतानानं धरलंय. बिशपच्या परवानगीनं दोन धर्मगुरूंनी तिच्यावर 67 वेळा भूत काढण्याचे विधी केले. इतरांच्या पापांचं प्रायश्चित्त म्हणून तिनं खाणं जवळजवळ सोडलं. 1 जुलै 1976 ला, वयाच्या 23 व्या वर्षी, अन्नपाण्यावाचून ती मेली. 1978 मध्ये कोर्टानं आईवडील आणि दोन्ही धर्मगुरूंना निष्काळजीपणानं मृत्यूस कारण ठरल्याबद्दल दोषी धरलं. त्या आईबापांचं मुलीवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हटलेलं नाही. तुमचंही आहे, पत्रातून दिसतं. त्या प्रेमानं तिथे डॉक्टरला बोलावलं नाही.

अपस्मार असलेली माणसं जगात सुमारे 5 कोटी आहेत. नीट निदान आणि औषध मिळालं तर त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत लोकांना फिटशिवाय जगता येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या मुलीला तो महिना मिळाला होता. तुम्ही तो काढून घेतलात.

आता करायचं ते एकच. ही वही घेऊन तिला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे न्या, पुढच्या शुक्रवारच्या आत. आज फोन लावा आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत ते खरं सांगा. उरलेल्या गोळ्या मनानं सुरू करू नका. कोणती, किती, कशी वाढवायची ते त्यांनाच विचारा. तोवर शुक्रवारची प्रार्थना तुमच्या घरी होणार नाही. मंडळींना करायची असेल तर त्यांनी आपापल्या घरी करावी, मुलगी झोपेल. फिट आलीच तर तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काही घालू नका आणि हातपाय दाबून धरू नका, प्रार्थना करतानासुद्धा नाही. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

बहिणीला समजावायचं काही नाही. ती जे म्हणाली ते कठोर होतं, पण सोमवारच्या नोंदीवरून दिसतं की मुलगी तिच्याशी बोलते. दवाखान्यात सोबत चल, एवढंच तिला सांगा.

विश्वास कमी पडतोय का, असं विचारलंत. त्या प्रश्नाचं मी उत्तर देणार नाही, कारण तो प्रश्न मुलीच्या मेंदूशी संबंधितच नाही. तुम्हाला प्रार्थना करायची असेल तर करा, तिच्या उशाशी बसून, दहा वाजायच्या आत.

जायच्या आदल्या संध्याकाळी वही घेऊन तिच्याशेजारी बसा. चौथ्या रकान्यातलं सगळं खोडा, तुमच्या हातानं, तिच्या देखत. ‘मनात राग होता’ तेवढं ठेवा, आणि तो कुणावर होता ते तिला विचारा. उत्तर तुमचं नाव असलं तरी मधे बोलू नका. मग रकान्याचं नाव बदला. ‘पाप’च्या जागी ‘झोप किती तास’. ओळी तिलाच आखू द्या, तिच्याकडे पट्टी आहे.