आंधळे मुडदे एवढे संथ का? – ‘टूम्ब्स ऑफ द ब्लाइंड डेड’बद्दल

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९७२ चा हा स्पॅनिश झोंबीपट कुणीतरी ‘क्लासिक’ म्हणून सुचवला, तुम्ही इंग्रजी डबिंग असलेली प्रत लावली, सुरुवातीलाच बाईला बांधून छळायचा प्रसंग आला, पुढे मढी निघाली ती गोगलगायीच्या चालीने, आणि अर्ध्या तासात तुम्ही मोबाइल हातात घेतलात. आता पुढचे तीन भाग पाहावेत का, हा प्रश्न.

घोळ त्या सुरुवातीतच आहे. मूळ स्पॅनिश आवृत्तीत तो छळाचा प्रसंग सुरुवातीला नाहीच. तो मध्यावर येतो, एक प्राध्यापक जुनी हकिगत सांगतो तेव्हा. परदेशी वितरकांनी तो उचलून पुढे आणला आणि वर बाकीची कापाकापी केली. परिणाम असा की कबरीत कोण आहे हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. मग व्हर्जिनिया या तरुणीची त्या कबरींजवळची रात्र पाहायची कशाला?

आणि ती रात्र म्हणजेच हा सिनेमा. मैत्रिणीवर आणि मित्रावर रुसून ती चालत्या आगगाडीतून उडी मारते, माळरानावरच्या पडक्या मठात पोचते, शेकोटी पेटवते, सिगारेट ओढते, स्लीपिंग बॅगेत शिरते. बराच वेळ संवाद नाही. मूळ प्रत पाहणाऱ्याला या जागेबद्दल काहीच ठाऊक नसतं. आणि तिने ट्रान्झिस्टर लावलेला असतो. पहिल्यांदा पाहताना आपण तो विसरून जातो. पुढे कळतं की इथल्या मुडद्यांना डोळेच नाहीत, ते फक्त आवाजावर येतात, तेव्हा तो रेडिओ आठवतो आणि पोटात गोळा येतो.

दिग्दर्शक अमांदो दे ओसोरियो यांच्याकडे पैसे नव्हते, हे जागोजागी दिसतं. दिवसा चित्रित करून रात्र म्हणून खपवलेले शॉट आहेत, हाडांचे हात सरळसरळ बाहुल्यांचे वाटतात, आणि शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्यांकडे घोडे कुठून आले हे कुणी सांगायच्या भानगडीत पडत नाही. पण आंधळेपणाची कल्पना त्या कडकीत फार कामाला आली. कवटी, दाढीची चार खुंटं आणि वर झगा एवढ्यावर भागलं. चेहऱ्यावर हावभाव नकोत, नजर नको. मुडदा तुमच्याकडे पाहतच नाही, नुसता कान देऊन उभा राहतो. घोडदौड तर स्लो मोशनमध्ये घेतली आहे. खूर उठतात आणि पडायला विसरल्यासारखे हवेत राहतात. वेग वाढवला असता तर ती साधी घोडेस्वारी झाली असती.

झोंबी म्हटलं की आपण झोंबाझोंबीची वाट पाहतो. इथे ती जवळजवळ नाही. शेवटाकडे व्हर्जिनियाची मैत्रीण बेट्टी श्वास रोखून भिंतीला चिकटून उभी राहते आणि मुडदे तिच्या छातीच्या ठोक्यांवरून तिला शोधतात, तिथे पळून काय उपयोग? काटेकोरपणे पाहिलं तर हे झोंबीही नव्हेत. रक्त पितात, म्हणजे निम्मे व्हँपायरच.

हे घोडेस्वार म्हणजे टेम्प्लर. इतिहासातले टेम्प्लर धर्मयुद्धांच्या काळातले लढवय्ये संन्यासी. १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्यांची धरपकड केली, पाखंडाचे आरोप ठेवले आणि १३१२ मध्ये पोपने संघटनाच मोडीत काढली. सिनेमाने ते आरोप खरे धरले आणि वर पूर्वेकडून आणलेल्या अमरत्वाच्या विधीची फोडणी दिली. टेम्प्लरांच्या भुतांची कल्पना स्पेनला नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात बेकेर या स्पॅनिश लेखकाच्या एका कथेत त्यांचे सांगाडे घोड्यांवरून रात्री निघतातच. आपल्याकडे वेताळाची स्वारी निघते, तसंच काहीसं.

कथा पोर्तुगालमध्ये घडते. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळातल्या सेन्सॉरला असले प्रकार स्पेनच्या भूमीवर नको असत. स्पॅनिश भयपटांतला नट पॉल नाशी याला आपला लांडगा-माणूस याच कारणाने पोलंडचा करावा लागला होता. गंमत म्हणजे खऱ्या पोर्तुगालमध्ये टेम्प्लर पुरते बुडाले नाहीत. १३१९ मध्ये त्यांची मालमत्ता ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या नव्या संघटनेकडे गेली आणि पुढे याच संघटनेचा लाल क्रूस शिडांवर घेऊन पोर्तुगीज जहाजं हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली. गोव्याकडच्या मंडळींनी सिनेमा पाहताना हे लक्षात ठेवावं, झग्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहाल.

सगळंच छान आहे असं नाही. मधला बलात्काराचा प्रसंग किळसवाणा आहे आणि कथेला त्याची काडीची गरज नाही. तस्कराचं उपकथानक रटाळ आहे. तिथे मोबाइल पाहिलात तर मी काही म्हणणार नाही. पण पुतळ्यांच्या कारखान्यातला प्रसंग आणि शेवटची आगगाडी चुकवू नका. गाडी पुढच्या स्टेशनात शिरते तिथे दृश्य गोठतं आणि किंकाळ्या मात्र चालू राहतात. म्हणजे इथेही शेवटी कानच.

तेव्हा स्पॅनिश संवाद आणि सबटायटल असलेली पूर्ण लांबीची प्रत मिळवा. ब्लू अंडरग्राउंड या कंपनीच्या डीव्हीडीत दोन्ही आवृत्त्या होत्या. रात्री, हेडफोन लावून पाहा. आंतोन गार्सिया आब्रिल यांचं संगीत म्हणजे कण्हणं, मंत्रासारखं पुटपुटणं आणि मध्येच एखादा ठोका. लॅपटॉपच्या स्पीकरवर ते नुसती खरखर वाटतं. मी स्वतः पहिल्यांदा मित्राच्या घासलेल्या कॅसेटवर पाहिला होता आणि तुमच्यासारखाच वैतागलो होतो.

एक प्रत मात्र टाळा. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या लाटेवर स्वार व्हायला अमेरिकेत कुणीतरी सुरुवातीला निवेदन चिकटवून हे मुडदे माणसांवर सूड घ्यायला आलेली वानरं असल्याचं ठोकून दिलं होतं. नाव ‘रिव्हेंज फ्रॉम प्लॅनेट एप’. हसायला ठीक आहे.

पुढच्या भागांचं सांगायचं तर १९७३ चा दुसरा पाहा. गावची जत्रा, मग चर्चमध्ये कोंडलेले लोक, यात धावपळ आहे, तुम्हाला बहुधा पहिल्यापेक्षा जास्त आवडेल. फक्त टेम्प्लरांचे डोळे कसे गेले ते तिथे बदललंय. पहिल्यात कावळ्यांनी टोचले, इथे गावकऱ्यांनी मशालीने जाळले. १९७४ चा जहाजाचा भाग सोडा, ते जहाज बादलीत तरंगणारं खेळणं वाटतं. १९७५ चा समुद्रकाठच्या गावाचा चौथा भाग मात्र उदास आणि चांगला आहे. पण तो शेवटी, आणि पुन्हा हेडफोन लावून.