भावाला मारामारीत फक्त दंड झाला होता. नोकरीच्या फॉर्मवर 'शिक्षा नाही' लिहिलं तर चालेल का? रिक्षाचा बॅज मिळेल का?

नका लिहू. दंड हीसुद्धा शिक्षाच. हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर माझी दोन-तीन वर्षं वाचली असती.

२०११ साली विसर्जनाच्या रात्री कळव्यात दुसऱ्या मंडळाच्या पोरांशी आमची जुंपली. मी आणि चाळीतला एक मित्र, दोघांवर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२३, म्हणजे मारहाण करून दुखापत. ठाणे कोर्टात वकील म्हणाले, "कबूल कर, पाचशे भर, मोकळा हो. तारखांसाठी खाडे कोण करणार?" मी भरले आणि खाली येऊन कटिंग प्यायलो. मित्र अडून बसला. तीन वर्षांनी दोषी तोही ठरला, पण न्यायाधीशांनी त्याला १९५८च्या अपराधी परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे नीट वागेन अशा लेखी हमीवर, सोडलं. त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे असं सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही.

पुढे आम्ही दोघं एका सिक्युरिटी एजन्सीत गेलो. कोर्टानं दोषी ठरवलेल्याला गार्ड म्हणून ठेवायला २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात मनाई आहे. मी बाहेर. तो आज घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत सुपरवायझर आहे. आणि पहिला हात त्यानेच उचलला होता!

तेव्हा आधी कोर्टातून निकालाची सर्टिफाइड नक्कल काढा आणि शेवटचं पान बघा, दंड लिहिलाय की बंधपत्र. बंधपत्र असलं तरी केस पुसली जात नाही हं, फॉर्मवर विचारलं तर सांगावंच लागतं.

सरकारी नोकरीबाबत सुप्रीम कोर्टाचा २०१६चा अवतार सिंग निकाल आहे. माहिती लपवली तर नोकरी जाऊ शकते. तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा असेल तर लपवणं माफ करायची मुभा नोकरी देणाऱ्या साहेबांना आहे. पण खरं सांगितलं म्हणून घेतलंच पाहिजे, असंही नाही. खासगीत तर दोषी ठरलेल्याला नाकारू नका असं सांगणारा सर्वसाधारण कायदाच आपल्याकडे नाही. महाप्याच्या एका कंपनीत मी 'नाही' लिहिलं होतं. चार महिन्यांनी पोलीस व्हेरिफिकेशन आलं आणि मला गेटवरच थांबवलं. खोटी माहिती दिली, एवढंच कारण सांगितलं.

आता बॅज, म्हणजे लायसनसोबत लागणारा रिक्षाचालकाचा बिल्ला. मोटार वाहन कायद्यात सराईत गुन्हेगाराला लायसन नाकारता येतं, पण कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर तीस दिवसांत अपील करता येतं. एका मारामारीने कुणी सराईत होत नाही. बॅजचं घोडं अडतं ते पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत. मी अर्जासोबतच नक्कल आणि त्यानंतर एकही गुन्हा नसल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन सगळं सांगितलं. उशीर झाला, पण बॅज मिळाला. नकलेच्या दोन-तीन झेरॉक्स जास्तीच्या ठेवा, एक पोलीस ठाण्यातच राहते.