सासूबाईंची झोप आणि सांध्यांचं दुखणं: रात्री किती वाजता जाग येते ते आधी बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंचे गुडघे आणि दोन्ही हातांची बोटं दुखतात, रात्री अडीच-तीनला त्या उठून बसतात, मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तशाच सकाळी कापूस वेचायला जातात. शेवटी विचारलंय, मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ का? याचं उत्तर आधीच देते: आणू नका. कारण पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. मी स्वतः आमवाताची (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा वात) पेशंट आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, आयुष्य शेतीत गेलं, उपचार सेवाग्रामच्या दवाखान्यात चालू आहेत. रात्री सांधे ठणकत असताना घरातल्या सगळ्यांचे श्वास ऐकत पडून राहणं काय असतं ते मला माहीत आहे. म्हणून थोडं लांब लिहिते.

‘वाताचं दुखणं आहे, रात्री दुखणारच’ असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण दुखणं रात्री कोणत्या वेळी उठवतं, त्यावर उपाय ठरतो. अंथरुणावर पडल्या पडल्या गुडघे ठणकत असतील तर ते बहुतेक दिवसभराच्या कामाचं ओझं असतं. झिजलेले गुडघे असेच वागतात. कूस बदलताना कळ येऊन जाग येत असेल तर अंथरूण, उशी, झोपायची पद्धत बघावी लागते. आणि पहिली झोप चांगली लागून पहाटेकडे बोटं, मनगटं ठणकायला लागत असतील, सकाळी मूठ वळत नसेल, तर तो सुजेचा वात असण्याची शक्यता जास्त. शरीर स्वतःच सूज दाबणारं एक संप्रेरक बनवतं, कॉर्टिसॉल. ते मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं आणि पहाटेकडे वाढतं. सूज वाढवणारे पदार्थ रक्तात रात्रीच्या उत्तरार्धात जोर करतात. म्हणून आमवाताच्या माणसाची पहाट वाईट जाते. ही सूज आहे, ती झोपेच्या गोळीने उतरत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधरा दिवस रोज लिहा: किती वाजता पडल्या, किती वाजता जाग आली, कोणता सांधा दुखत होता, आणि सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागला. हा शेवटचा आकडा फार महत्त्वाचा आहे. झीज असेल तर सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर किंवा जास्त लागत असेल, दोन्ही हातांचे तेच ते सांधे सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करायलाच हवी. हा आजार बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. रक्ताच्या तपासणीत ईएसआर, सीआरपी (अंगात सूज किती ते), आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (आमवाताच्या खुणा) बघतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाहीच असं नसतं, आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे असेलच असंही नसतं, त्यामुळे कागद गावातल्या कोणाला दाखवून निष्कर्ष काढू नका. त्यांना मध्यंतरी चिकुनगुनियाचा ताप येऊन गेला का, तेही आठवून सांगा. २००६ च्या साथीनंतर आपल्याकडे कितीतरी जणांचे सांधे महिनोन् महिने धरलेले होते. पायाच्या अंगठ्याचा सांधा एकाएकी मध्यरात्री लाल होऊन चादरही सहन होत नसेल तर युरिक ॲसिड तपासतात.

आता एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. सासूबाई झोपतात किती वाजता? आपल्याकडे सातला जेवण, आठला अंथरूण. आठला झोप लागून अडीचला जाग आली तर साडेसहा तास झोप झाली! त्या वयाला ती काही फार कमी नाही. मग पुढचे तीन तास त्या अंधारात दुखणं मोजत पडून राहतात, आणि झोप येत नाही म्हणून आणखी जीव घाबरा होतो. झोपायची वेळ हळूहळू साडेनऊ-दहापर्यंत न्या. गावात गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथे जाऊ द्या, खाली मांडी घालायला न लावता खुर्ची द्या. दुपारी शेतात झाडाखाली अर्धा तास लवंडल्या तरी हरकत नाही, पण तीनच्या पुढे नको. उठायची वेळ मात्र रोज एकच, रात्र कशीही गेली तरी.

शेवटचा चहा चारला. आणि खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला). आपल्याकडे हे बोलायला लोक लाजतात, पण बायाही खातात, तंबाखू-चुनाही चालतो. जेवण झाल्यावर गालात धरलेला खर्रा झोप पळवतो, कारण तंबाखूतलं निकोटीन मेंदूला जागं ठेवणारं असतं. एकदम सुटत नसेल तर निदान संध्याकाळनंतर नको. दुखण्यावर उतारा म्हणून घरातले कोणी मोहाची दारू सुचवत असतील तर तेही थांबवा. तिने झोप पटकन लागते, आणि रात्रीच्या उत्तरार्धात मोडते.

अंथरुणाचं सांगते. सासूबाई जमिनीवर झोपत असतील तर गुडघ्यांसाठी सगळ्यात वाईट ते जमिनीवरून उठणं. खाट द्या, उंची त्यांच्या गुडघ्याएवढी, कमी असेल तर खाटेच्या पायांखाली विटा. सुतळीची किंवा नवारीची खाट मधे खोलगट झाली असेल तर पायथ्याची दोरी ओढून ताणून घ्या, कारण खोलगट खाटेत कंबर खाली जाते आणि कूस बदलायला दुप्पट जोर लागतो. आपण कापूस पिकवणारी माणसं, आणि आपल्याच घरात गादी दगडासारखी! ती पिंजून नवी भरून घ्या. कुशीवर झोपत असतील तर दोन गुडघ्यांमधे घडी केलेली गोधडी ठेवा. जुन्या लुगड्याची गुंडाळीही चालते. उताणं झोपताना गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण रात्रभर ठेवू नका. गुडघा वाकलेल्या स्थितीत धरतो, मग सरळ होत नाही. हात डोक्याखाली घेऊन किंवा मूठ आवळून झोपायची सवय असेल तर ती मोडायला हवी. मनगटाला रात्री बांधायचा पट्टा मिळतो, मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपीच्या विभागात मापाचा बघून देतात. मला सगळ्यात जास्त आराम त्याने पडला. अंगठा आणि बाजूची दोन बोटं रात्री बधिर होऊन हात झटकावा लागत असेल तर ते मनगटात नस दबल्याचं लक्षण असतं, तेव्हाही हाच पट्टा कामाला येतो, पण डॉक्टरांना सांगा.

शेक. झोपायच्या आधी कोमट पाण्यात बोटं दहा-पंधरा मिनिटं बुडवून हळूहळू मूठ उघड-बंद करायला सांगा. गुडघ्यांना तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, पंधरा-वीस मिनिटं. निर्गुडीचा पाला गरम करून बांधतात, बांधा, ऊब लागते ते खरं आहे. पण सांधा लाल, गरम आणि फुगलेला असेल तेव्हा गरम शेक नको, थंड पाण्याची घडी ठेवा. आणि शुगर असेल तर शेक आधी तुमच्या हातावर बघा. शुगरवाल्यांना चटका कळत नाही, गावात अशा जखमा चिघळलेल्या मी पाहिल्या आहेत. वेदनेची जेल लावली असेल तर तिच्यावर शेक देऊ नका.

मे महिन्यात तर आपल्याकडची रात्रच तापलेली असते, आणि उकाड्यात झोप धड माणसालाही लागत नाही. कूलर लावा, पण त्याचा ओला झोत थेट गुडघ्यांवर येऊ देऊ नका. सांधे आखडतात असा माझ्यासकट बऱ्याच जणांचा अनुभव आहे. गुडघ्यांवर पातळ चादर हवी. गच्चीवर झोपायला जाण्यापेक्षा अंगणात खाट टाकावी, रात्री जिना उतरण्याचा धोका राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून गुडघ्यांवर चढवा, गादीखाली सतरंजी घाला.

आता औषधं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. झोपेची गोळी वयस्कर माणसाला गुंगी आणते. संडास अंगणात, रात्र अंधारी, गुडघे आधीच लटपटते. त्यात गुंगी असली की माणूस पडतो, आणि त्या वयात खुबा मोडला की पुढचं सगळंच अवघड. शिवाय ती लागली की सुटत नाही. डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी. खाटेपासून संडासापर्यंत उजेड ठेवा, उशाशी टॉर्च ठेवा, सापाकिड्यासाठीही तो लागतोच.

दुखण्याची गोळी डायक्लोफेनॅकसारखी असेल तर ती उपाशीपोटी कधीच नको. बीपी, मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. उन्हात दिवसभर काम करून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते, आणि हे वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात विसरून चालत नाही. ‘माझी सासू पहाटे उठते, गोळीची वेळ बदलता येईल का?’ एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारा. कधी कधी सकाळची गोळी रात्रीच्या जेवणानंतर घेतली की पहाट सुसह्य होते. स्टेरॉइड चालू असेल तर ते बहुधा सकाळी देतात, कारण रात्री घेतलं तर झोप उडते.

कोणी बाबाजीच्या पुड्या आणून देत असेल, नाव नाही, कागद नाही, आणि दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटतंय, तर सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन् महिने घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका, जिवावर बेततं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

आमवात निघाला तर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी बहुतेक सुरू करतील. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. आमच्याकडे आम्ही ती आठवडी बाजाराच्या दिवसाला बांधून टाकली आहे. बाजार आला की गोळी, म्हणजे विसरायला होत नाही. त्याच्यासोबत फोलिक ॲसिड देतात. ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं, दारू पूर्ण बंद. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, मधे धीर सोडायचा नाही. सूज आटोक्यात आली की झोप आपोआप सुधारते.

कामाचं काय करायचं? ‘शेतात जाऊ नका’ म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. वेचणीत ओटी (कमरेला बांधलेली कापसाची झोळी) भरेपर्यंत थांबू नका, अर्धी झाली की रिकामी करा, तिचं ओझं कंबर-गुडघ्यावर येतं. निंदणाला उकिडवं बसण्यापेक्षा छोटं स्टूल घेऊन जा, बायका हसल्या तर हसू द्या. एक दिवस मरमर काम आणि तीन दिवस अंथरूण, यापेक्षा रोज थोडं बरं. मांडीच्या स्नायूचा व्यायाम रोज: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल, तो खाली दाबून पाच अंक मोजायचे, सोडायचं; दहा वेळा, दोन्ही पाय. झिजलेल्या गुडघ्याला इतका फायदा कोणत्या तेलाने होत नाही.

दोन गोष्टी डॉक्टरांना मुद्दाम सांगा. संध्याकाळी पडल्यावर पायात वळवळ होऊन पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल तर ते सांध्याचं दुखणं नसतं, बरेचदा अंगात लोह कमी असतं, हिमोग्लोबिन तपासा. आणि दुसरं जास्त जिव्हाळ्याचं. सासूबाई बोलेनाशा झाल्या आहेत का? जेवणावरून मन उडालंय का, ‘आता काय राहिलं’ असं म्हणतात का? कापसाचा भाव, कर्ज, पोराची काळजी हे सगळं रात्री तीनलाच उभं राहतं. दुखणं, निद्रानाश आणि उदासी एकमेकांना वाढवतात. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. त्यांच्याशी तुम्हीही बोलू शकता.

दाखवायचं कुठे, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताईंना सोबत घ्या. तिथून सेवाग्राम किंवा सावंगीचा मोठा दवाखाना, नाहीतर नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल ते. जाताना कॅलेंडरचं ते पान, चालू सगळ्या गोळ्या पट्टीसकट, पुड्या असतील तर त्याही घेऊन जा. तारीख वेचणीच्या भर हंगामात आली म्हणून पुढे ढकलू नका. सुजेच्या वातात सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, सांधा एकदा वाकडा झाला की औषधाने सरळ होत नाही. एखादा सांधा एकाएकी खूप सुजून ताप आला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी न्या. तपासणीत काय निघालं ते कळवा ताई, मेथोट्रेक्सेट सुरू झाली तर पहिल्या महिन्यात काय काय होतं ते मी सविस्तर सांगेन.